फौजदारणीचं पिस्तूल

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं आष्टीला, माझ्या माहेरी गेलो होतो. आई तिथं एकटीच राहते. ऐंशी पार केलेत तिनं. बाथरूम परसात आणि तिथवर जायला तीन पायऱ्या. पावसाळ्यात ती त्या पायऱ्यांवर घसरली, हात सुजला, आणि आम्हाला कळलं ते आठवड्यानं, शेजारणीकडून. तेव्हाच ह्यांनी ठरवलं की स्वयंपाकघराला लागून घरातच बाथरूम काढायचं. हे पाटबंधारे खात्यातून नुकतेच रिटायर झालेले, काहीतरी काम हवंच होतं. मी जालन्याजवळच्या एका गावात तिसरीच्या वर्गाला शिकवते. मलाही सुट्टी होती.

मिस्त्री आणि त्याचा जोडीदार सकाळीच आले. मागच्या भिंतीत दार पाडायचं होतं. आम्ही डबे, फळ्या सगळं हलवून दिलं. आई पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली. मी ओट्यावरचा गॅस बाहेर आणून चहा ठेवला होता. तेवढ्यात मिस्त्र्यानं हाक मारली.

"मॅडम, इथं भिंत पोकळ हाय. कोनाडा व्हता वाटतं, कुणीतरी विटा लावून बुजवलाय."

तिथं कोनाडा होता खरा. लहानपणी त्यात रॉकेलची चिमणी असायची. तो बुजवला कधी, हे मात्र मला आठवेना. मिस्त्र्यानं दोन विटा काढल्या, आत हात घातला आणि पत्र्याचा एक डबा ओढून काढला. बिस्किटांचा जुना डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली, ती वाळून कडक झालेली. आत बाबांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचं कापड. कापड उलगडलं आणि मी मोठ्यानं हसले.

"अहो, या जल्दी! बघा काय सापडलंय!"

ते आमच्या नाटकातलं पिस्तूल होतं.

आता हे सांगायला हवं. माझे बाबा इथल्याच प्राथमिक शाळेत मास्तर होते, पुढं हेडमास्तर झाले. दरवर्षी एप्रिलात जयंतीला आमच्या वस्तीत नाटक व्हायचं आणि ते बाबा लिहायचे, बाबाच बसवायचे. मी बारावी होऊन डी.एड.ला गेले त्या वर्षी त्यांनी एक नाटक लिहिलं. वस्तीतली एक पोरगी शिकते, फौजदार होते, परत गावात येते आणि हातभट्टीवाल्या गुंडाला धडा शिकवते. तोवर बायकांची कामं पुरुषच करत. बाबा म्हणाले, हे काम माझी लेकच करणार. वस्तीत चार दिवस कुजबूज झाली, मग सगळ्यांनी ते मान्य केलं. नाटकाला त्यांनी काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक त्याला 'फौजदारणीचं नाटक'च म्हणत. तीन वर्षांत आम्ही त्याचे अकरा प्रयोग केले. आष्टी, परतूर, मंठ्याकडची दोन गावं, एकदा पार शहागडलाही.

गुंडाचं काम परतूरचा एक मुलगा करायचा. कॉलेजात शिकणारा, उंच, आवाज खणखणीत. तोच पुढं माझा नवरा झाला.

शेवटच्या प्रवेशात मी त्याला गोळ्या घालायचे. त्यासाठी बाबांनी जालन्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातून ते पिस्तूल आणलं होतं. दिसायला विचित्र. सिनेमातल्या पिस्तुलासारखं मुळीच नाही. नळी लांब आणि बारीक, मागचा भाग चौकोनी, एखाद्या शिलाई मशीनचा तुकडा असावा तसा. मुठीची एका बाजूची लाकडी पट्टी तुटलेली, ती बाबांनी सुताराकडून सागाची बसवून घेतली होती. कारखान्याचं नाव कुठंच नव्हतं. नुसता एक आकडा कोरलेला आणि बाणाच्या टोकासारखी एक खूण. आम्ही सगळे ते खोटंच समजत होतो. कुठल्यातरी जुन्या नाटक मंडळीचं असेल, असं बाबाही म्हणायचे. चाप ओढला की तो नुसता मागंपुढं हलायचा. पुढं काहीच व्हायचं नाही. आवाजासाठी पडद्यामागं एकजण पत्र्याच्या डब्यात लवंगी फटाका लावायचा.

तर ते पिस्तूल इतक्या वर्षांनी माझ्या हातात. तेच वजन. हे दारातून आत आले, हातात चहाचा कप. बघितल्याबरोबर त्यांनी कप खाली ठेवला, छाती पुढं काढली आणि नाटकातला आवाज लावला, "फौजदारीणबाई, गोळी घालायची हिंमत हाय का?"

मिस्त्री हसायला लागला. मीही हसत हसत दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, त्यांच्या छातीवर धरलं, बोट चापावर नेलं.

"ठेव! ठेव ते खाली!"

आई पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. तिचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ती भिंतीला धरून पुढं आली आणि माझ्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळली.

"खरं हाय ते. भरलेलं हाय. ठेव माय, हात जोडते तुला."

मी सिमेंटच्या पोत्यावर पिस्तूल ठेवलं. ठेवताना ते घसरेल असं वाटलं, तेव्हा मिस्त्र्यानं खालून तळहात धरला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच हात झटकून मागं सरला. सगळे बाहेर आलो. ह्यांनी दाराला कडी घातली.

"मामी, तुम्हाला कसं म्हाईत?" ह्यांनी विचारलं.

आई शेजारच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसली होती. पाणी पिताना तिच्या पदरावर सांडलं. ती ह्यांच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही.

"आधी पोलिसाला फोन करा जावईबापू," ती म्हणाली. "मंग सांगते. दार कोनाड्याच्या पल्याड निघंल वाटलं, म्हणून गप राह्यले. आता लपवायला कोण राह्यलंय?"

ठाण्यात फोन केला. पोलीस येईपर्यंत जो अर्धा तास गेला त्यात आईनं सगळं सांगितलं.

चौथ्या वर्षी नाटकाच्या तालमी सुरू झाल्या होत्या. त्या दिवसांत बाबांचा एक मावसभाऊ आमच्याकडं मुक्कामाला आला होता. फौजेतून नुकताच निवृत्त झालेला. मला तो अंधुक आठवतो, मिशा होत्या, खूप बोलायचा. त्यानं सहज ते पिस्तूल हातात घेतलं. आईच्या समोर. फिरवून बघितलं, नळीला डोळा लावला, मागचा भाग थोडा ओढून पाहिला. आणि त्याचा चेहराच उतरला.

"म्हणला, भाऊ, हे कुठून आणलं तुम्ही? हे खरं हाय. अन् आत गोळी हाय." आई सांगत होती. "तुझे बाबा हसले. त्यांना वाटलं चेष्टा करून राह्यलाय. मंग त्यानं फटीतून दाखवलं. पितळ चमकलं आतलं. मी बी पाह्यलं. त्यानं लई खटपट केली, पण त्याला बी ते उघडता येईना. म्हणला, असलं मी फौजेत बिलकुल पाह्यलं न्हाई. पोलिसात देऊन टाका."

"मग दिलं का नाही?" मी ओरडलेच. रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "वस्तीतल्या मास्तराकडं बंदूक निघाली म्हणल्यावर पहिलं काय विचारलं असतं, तूच सांग. कुठून आणली? कुणासाठी आणली? नौकरी गेली असती. घरोघर झडती झाली असती. सगळी वस्ती पिसून काढली असती. त्यांनी तीन दिवस अन्नाला हात लावला न्हाई. ताप भरला अंगात. मंग बाजाराच्या दिवशी, सगळे बाजाराला गेल्यावर, सोताच्या हातानं विटा लावल्या."

"नदीत टाकायचं."

"म्हणले, एखाद्याच्या लेकराला घावलं तर?"

मी पायरीवर खाली बसले. मला तालमीचा शेवटचा दिवस आठवला. आईला वाटला त्याहून वेगळ्या अर्थानं तो माझ्या मनात कोरलेला होता.

शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालू होती. संध्याकाळची वेळ. बाबा आले, माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि म्हणाले, "नाटक बंद." एवढंच. कुणी विचारलं तरी कारण सांगितलं नाही. सगळे बघत राहिले. बाबा माझ्याकडं न बघता निघून गेले. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी मला आणि ह्यांना परतूरच्या एसटी स्टँडवर एकत्र चहा पिताना कुणीतरी बघितलं होतं. ते बाबांच्या कानावर गेलंय हे मला माहीत होतं. दोन आणि दोन जुळले. जो माणूस मला स्टेजवर उभं करण्यासाठी अख्ख्या वस्तीशी भांडला, तोच मी स्वतःच्या पसंतीनं एक माणूस निवडला म्हणून नाटक मोडून टाकतो, असा अर्थ मी लावला. आणि तो अर्थ मी पस्तीस-छत्तीस वर्षं सांभाळला.

लग्न झालं. बाबांनी विरोध केला नाही, पण जावयाशी कधी चार शब्द मोकळे बोलले नाहीत. मी माहेरी जायचे, जेवायचे, यायचे. बाबांशी बोलणं म्हणजे तब्येत, पाऊस, पेन्शन. चार वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात त्यांनी एकदा माझा उजवा हात धरला होता आणि बराच वेळ त्याच्याकडंच बघत होते. मला वाटलं, भ्रम झालाय.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी आईला विचारलं. "ते गेल्यावर तरी?"

"शपथ घातल्ती." थोडं थांबून ती म्हणाली, "अन् तुला सांगून काय झालं असतं माय? जन्मभर सोताच्या हाताकडं पाहत बसली असतीस. ते बसले तसं."

पोलीस आले. तीन जण. साहेब तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे वाटले. त्यांनी सगळ्यांना लांब केलं, पिस्तूल जिथं होतं तिथंच ठेवून फोटो काढले, आणि जालन्याहून पोलीस मुख्यालयातल्या हत्यारांच्या जाणकाराला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत दुपार झाली. पन्नाशीचा हवालदार, चष्मा लावलेला, बोटं एखाद्या घड्याळजीसारखी. त्यानं परसात वाळूची पोती रचायला लावली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मी साहेबांना म्हणाले, मला बघायचंय. ते नको म्हणाले. मी म्हणाले, ते पिस्तूल मी चालवलंय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता लांबच्या भिंतीआड उभं राहायची परवानगी दिली.

त्याला तासभर लागला. थेंब थेंब तेल सोडत, थांबत, पुसत, नळी वाळूकडे धरून तो काम करत होता. शेवटी खटकन आवाज झाला. त्यानं हात वर केला आणि आम्हाला जवळ बोलावलं. पंचनाम्यासाठी पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर त्यानं मुठीच्या आतल्या खान्यातून निघालेल्या चार गोळ्या ओळीनं ठेवल्या. मग पाचवी, वेगळी.

"ही नळीत होती," तो म्हणाला. "चढवलेली."

"आणि चाप ओढला असता तर?" ह्यांनी विचारलं.

त्यानं पिस्तूल न उचलताच पेन्सिलीनं दाखवलं. मुठीच्या मागच्या बाजूला एक बारीक पट्टी होती. मी ती कित्येकदा तळव्याखाली दाबली होती, ती हलते हेच मला माहीत नव्हतं. "ही पट्टी मुठीनं पूर्ण आत दाबली गेली तरच चाप गोळीवर आपटणाऱ्या घोड्याला पकडतो. न्हाई तर नुसता हलतो. ही अडकलेली व्हती. जुनं तेल आतल्या आत मेणासारखं झालंय. मी आता ढिली केली तेव्हा सुटली." मग तो ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "कुणावर धरलं व्हतं का हे कधी?"

ह्यांनी नुसता शर्टाच्या वरच्या बटणावर हात नेला.

मला शहागडचा प्रयोग आठवला. महामार्गाच्या कडेला मैदानात स्टेज होतं, ट्रकवाले गाड्या लावून बघायला थांबले होते. शेवटचा प्रवेश. मी पिस्तूल ह्यांच्या छातीला टेकवलं, चाप ओढला. आवाज नाही. लवंगी सर्दावली होती. मी परत ओढला. परत नाही. हे मरायला तयार होऊन उभे, डोळ्यांनी मला विचारत होते, काय करू? लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "दाब बाई, दाब!" मला राग आला, लाज वाटली, आणि मी दात-ओठ खाऊन ती मूठ आवळली आणि सगळ्या ताकदीनं ओढत राहिले. तीन वेळा, चार वेळा. शेवटी फटाका वाजला आणि हे पडले. टाळ्या पडल्या. घरी परत येताना आम्ही त्यावर इतके हसलो होतो, बाबाही हसले होते. पुढं कितीतरी वर्षं लग्नकार्यात हा किस्सा मी रंगवून सांगायचे.

मी ती मूठ सगळ्या ताकदीनं आवळली होती.

संध्याकाळी ठाण्यात जबाब लिहून घेतला. डबा कसा सापडला, कुणी पाहिला, हे सगळं झालं. वडिलांनी ते नाटकासाठी आणलं होतं हेही मी सांगितलं. मग मी म्हणाले, "ते खरं आहे हे त्यांना नंतर कळलं होतं. त्यांनीच ते भिंतीत लपवलं."

हे माझ्याकडं वळले. हळूच म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल कशाला?"

साहेबांनीही पेन खाली ठेवलं. "मॅडम, विचार करून सांगा. लिहिलं म्हणजे लिहिलं."

"लिहा," मी म्हणाले. "आयुष्यभर त्यांना हे कुणाजवळ बोलता आलं नाही. निदान एका कागदावर राहू द्या. आणि का लपवलं तेही लिहा. नोकरी जाईल, वस्तीची झडती होईल, या भीतीनं लपवलं. हे शब्द लिहा."

त्यांनी लिहिलं. शेजारी बसलेल्या आईनंही खाली सही केली, तिची नेहमीची, मोठ्या अक्षरातली. बाबांनीच तिला सही शिकवली होती.

घरी येताना हे गाडी चालवत होते. मग म्हणाले, "मी एवढी वर्षं काय समजत होतो, सांगू? तुझ्या बाबांना मी आवडत न्हाई. ते माझ्याकडं पाहायचेच न्हाईत. मी आलो की पेपर उघडायचे. एकदा मी परतूरला असताना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात गेल्तो, नुसती ॲसिडिटी निघाली. तर तुझे बाबा पहिल्या एसटीनं आले, बाहेरच्या बाकावर तासभर बसले, अन् मला न भेटता गेले. मला वाटलं, जगाला दाखवायला आले असतील." त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा.

पुढचे काही महिने मी बरी नव्हते. शाळेत शिकवताना खडू हातात धरला की मधेच थांबायचे. ह्यांच्या अंगावर पांघरूण घालताना हात छातीवर पडला तर मागं घ्यायचे. हे म्हणायचे, अगं मी आहे की इथं. मी म्हणायचे, हो. पण मला अकरा प्रयोग आणि त्यांच्या तालमी मोजल्याशिवाय राहवत नसे, आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा यायचा.

मग ठाण्यातून निरोप आला की पुण्याहून जुन्या हत्यारांच्या अभ्यासक आल्यात, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. आम्ही आईलाही घेऊन गेलो. बाई साठीच्या, आखूड पांढरे केस, सुती हातमोजे घातलेले. टेबलावर ते पिस्तूल, आता रिकामं आणि स्वच्छ. मी खुर्ची थोडी मागं ओढून बसले. बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मावत नव्हता.

"ताई, तुमच्या घरात काय होतं याची तुम्हाला कल्पना नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या फौजेला जुन्या फिरत्या चक्रीच्या रिव्हॉल्व्हरऐवजी आपोआप गोळी चढवणारं पिस्तूल हवं होतं. कारखान्यांनी नमुने बनवून दिले. मोजकेच, हातानं घडवलेले, नुसते आकडे आणि सरकारी बाणाची खूण घातलेले. फौजेनं ते धुळीत लोळवले, चिखलात बुडवले, उन्हात ठेवले, हजारो गोळ्या झाडून बघितल्या. बहुतेक नापास झाले आणि मोडीत गेले. या बनावटीचं एकही पिस्तूल शिल्लक नाही असंच सगळे धरून चालले होते, नुसती चित्रं होती. जालन्याला तेव्हा इंग्रजांची छावणी होती. इथल्या उन्हा-धुळीत वापरून बघायला एखाद्या अधिकाऱ्याकडं दिलं असेल आणि मागं राहिलं असेल. "अंदाज आहे माझा," त्या म्हणाल्या. "पण हा एक चमत्कार आहे."

"ते नापास का झालं?" मी विचारलं.

"हेच, ही मुठीतली पट्टी." त्यांनी उत्साहानं बोट ठेवलं. "सुरक्षेसाठी बसवली होती, पण ती सारखी अडकायची. नेमक्या वेळी चाप ओढला तरी गोळी सुटायची नाही. सैनिकाच्या हातात असं हत्यार कोण देणार? फार सदोष रचना होती."

"म्हणजे चांगलं बनवलं असतं, तर पास झालं असतं."

"अर्थात."

"आणि मग सुटली असती गोळी."

बाईंनी माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांना नाटकाची गोष्ट सांगितलेली होती, पण ती त्यांच्यापर्यंत आत्ता पोचली. त्यांनी हळूहळू हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. "माफ करा," त्या म्हणाल्या. "मी दुपारपासून आनंदात आहे. मला सुचलंच नाही." थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं की प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. पाचपैकी चार गोळ्या मेलेल्या होत्या. नळीतली मात्र तपासणीत उडाली.

ह्यांनी माझा हात धरला, तो उजवाच होता, आणि सोडला नाही.

कुणावर गुन्हा दाखल झाला नाही, ज्याच्यावर व्हायचा तो माणूस राहिला नव्हता. न्यायालयाच्या हुकुमानं पिस्तूल सरकारजमा झालं आणि आता एका वस्तुसंग्रहालयात जाणार आहे. त्या दिवशी ठाण्यातून निघताना बाईंनी विचारलं, "संग्रहालयात याच्या शेजारच्या माहितीच्या पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव लिहू का? ज्यांच्याकडे सापडलं ते म्हणून. तुमची परवानगी असेल तर."

मला क्षणभर वाटलं, लिहावं. इतकी वर्षं भिंतीत दडलेलं ते सगळं उजेडात यावं. पण आई खुर्चीवरून उठली होती. तिनं चष्मा नीट केला आणि टेबलावरच्या त्या वस्तूकडं एकदाच बघितलं.

"त्यांचं नाव आष्टीच्या शाळंत हाय, हेडमास्तरांच्या पाटीवर," ती म्हणाली. "तिथं बराबर हाय. ह्याच्यासंगं नका जोडू."

बाईंनी मान हलवली आणि कागदावर त्या ओळीसमोर रेघ ओढली. मग ह्यांनी आईला हात देऊन पायऱ्या उतरवल्या, आणि आम्ही आईच्या घरी निघालो.